अर्थिंग

मीठ.
इथं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात,
आणि कॉव्हेन्ट्रीतल्या चौदा हिवाळ्यांचं मीठ
या निळ्या टर्बोच्या पोटाखाली
मुरलंय, लोणच्यात मुरावं तसं.
बुधवारपासून रोज दोनदा तेल पाजतेय
सायलेन्सरच्या तीन बोल्टांना. दोन वळले.
तिसरा वळला नाही, तुटला,
आणि माझ्या तोंडून बाबांची ती शिवी निघाली
जी मी कधीच ऐकलेली नाही
असं घरात सगळ्यांना वाटायचं.

रबरी कड्यांना भांडी घासायचं लिक्विड चोळलं,
नवा स्टीलचा पाइप आत सरकला,
साबण लावून बांगडी भरावी तसा.

कुंपणापलीकडून ग्लेनिसला माझे फक्त बूट दिसतात.
"जिवंत आहेस ना गं?"
दर अर्ध्या तासाला.
मी पान्याने फरशीवर दोनदा ठोकते. म्हणजे हो.

रविवारी वायरिंग.
बॅटरीपासून सीटखालच्या ॲम्पपर्यंत
करंगळीएवढी जाड लाल केबल,
फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत,
स्पीकर चारही दारांत.
इंजिन सुरू केलं
आणि चारही दारं रडू लागली.
ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो,
सोडला की उतरतो,
एखादं चिलट गाणं शिकत असावं तसा.

हे रडणं माझ्या ओळखीचं.
आठवड्याचे चार दिवस मी लोकांच्या छातीवर
इलेक्ट्रोड चिकटवते.
कागदावर रेघ केसाळ आली
तर दोष बहुतेक वेळा हृदयाचा नसतो.
त्वचा पुसायची. लागलाच तर वस्तरा.
मग खरखरीत पट्टीने हलकेच घासायचं
("थोडं टोचेल हं, मिस्टर ऑकली")
आणि पुन्हा चिकटवायचं.

सीट उचलली. काळी वायर सापडली.
बोल्टखाली कंपनीचा रंग, चकचकीत, अभंग.
म्हणजे सगळं अर्थिंग रंगावर टेकलेलं.

सॅण्डपेपर. निळ्याखाली करडं,
करड्याखाली अचानक पत्रा, इतका पांढरा
की मी हात थांबवला.
गाडीला जमीन नसतेच.
चार रबरांवर अधांतरी फिरते ती,
तिचं अर्थिंग म्हणजे तिचंच अंग
कुठंतरी इंचभर उघडं केलेलं.
बोल्ट आवळला.

किल्ली.
स्पीकरांतून काही नाही.
अकराशे पौंडांची शांतता.
आणि तिच्या पाठीमागून नवा पाइप,
घोगरा, सकाळच्या पहिल्या चहाआधी
कुणी पुरुष बोलावा तसा.
काचा खाली करून रिंग रोडला दोन फेऱ्या मारल्या.
गाणं लावायचं राहूनच गेलं.

ड्युटी सातची. सहा वीसला निघते.
झोपलेल्या गल्लीची लाज वाटते,
म्हणून न्यूट्रल, हँडब्रेक सोडायचा,
गाडी उताराने घरंगळू द्यायची,
आणि खाली, पत्रपेटीपाशी, इंजिन सुरू करायचं.
आठवडाभर असं.

काल ग्लेनिस कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबली.
मी माफीचं वाक्य तयारच ठेवलं होतं.
"हल्ली गाडी नेत नाहीस का?" ती म्हणाली.
"तुझा तो फाटका आवाज गेला
की मी पाय खाली सोडायची.
आता नुसती पडून राहते.
उजाडलंय की नाही तेच कळत नाही."

आज सहा वीस. काळोख, काचेवर बर्फाची साय.
तिच्या खिडकीत दिवा नाही.
दारातच किल्ली फिरवली.
ॲक्सिलरेटर दोनदा, हलकेच.

म्हणजे हो.