पुढचा सिग्नल

संध्याकाळी सहाला पेटीचं कुलूप निघालं
आणि सहाच्याच ठोक्याला
अग्निशमन केंद्राच्या भिंतीवरच्या टीव्हीत
रंगीत खांब उभे राहिले.
एन्रिको म्हणाला, "झालं की! मग आपण काय मोजतोय?"
रोस्विता चिर्नरनं पेटी टेबलावर उलटी केली.
लांबलचक मतपत्रिका,
कुणी चार घड्या घातलेल्या, कुणी नुसत्याच चुरगळलेल्या.

राजधानीत एक माणूस नकाशापुढे उभा होता.
हे राज्य त्यानं रंगवून टाकलं,
मग बोट शेजारच्या राज्यावर ठेवलं: तीन आठवडे.
मग वर, समुद्रकाठच्या राज्यावर: वसंतात.
टिपकागदावर शाई सरकते तसं बोट सरकत होतं.
"हा सिग्नल आहे," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

सिग्नल हा शब्द रोस्विताला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं लिंडेनरोडाच्या केबिनमध्ये
तिनं खटके ओढलेत, डिसेंबरात हातमोजे घालून.
सिग्नल एवढंच सांगतो:
पुढचा तुकडा मोकळा आहे, किंवा नाही.
गाडीत कोण बसलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय,
तिकीट न काढता संडासात कोण लपलंय,
हे त्याला विचारायचं नसतं.
आणि त्याच्याही पुढच्या तुकड्याचं
पुढचा सिग्नल सांगेल.
ती केबिन आता विकली गेलीय.
कुणीतरी तिथं मधाच्या बरण्या ठेवतं.

चारशे अठ्ठावीस.
दोनदा मोजली. एन्रिकोनं थुंकी लावून, तिनं न लावता.
एक फुली इतकी दाबून काढलेली
की कागद फाटून खालच्या नावालाही भोक पडलं होतं.
एक फुली थरथरत वर्तुळाबाहेर गेलेली.
आणि एकीवर फुलीच नाही.
पेन्सिलीनं, जुन्या शाळेच्या वळणदार अक्षरात:
"४१२ नंबरची बस पुन्हा कधी?"

नियमानं बाद.
एन्रिकोनं ती बाद गठ्ठ्यावर ठेवली.
रोस्विताला अक्षर ओळखू आलं.
तिनं तसं दाखवलं नाही.
टीव्हीत तेव्हा कुणीतरी विचारत होतं
की लोकांना नेमकं म्हणायचंय तरी काय.

आपण देवाला कौल लावतो
तेव्हा पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे, तेवढंच बघतो;
पण ती पाकळी घेऊन
शेजारच्या गावच्या देवळात हो-नाही सांगत फिरत नाही.
शितावरून भाताची परीक्षा, हेही आपलंच.
तिच्या पातेल्यात बटाटे असतात.
एकात काटा रुतला म्हणून ती गॅस बंद करत नाही.
तळाशी एक मोठा असतोच,
वरून मऊ, आत करकरीत.

रात्री दहाला सिग्रिडचा फोन. बहीण. समुद्रकाठी राहते,
जिथली गोदी बंद झाली, आणि हेरिंगही
आता म्हणे दुसरीकडून येतो.
"तुमच्याकडे हे असं," ती म्हणाली. "मग आमच्याकडे?"
"तुमच्याकडे बस येते का अजून?"
"सकाळी एक. शाळा असली तर."
मग दोघी बराच वेळ गप्प. फोनमध्ये वारा.
"म्हणजे काय समजायचं?" सिग्रिडनं विचारलं.
"मला माझ्या पेटीतलं ठाऊक आहे गं.
तेसुद्धा, बाद धरून."

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र राहू दिलं.
माणूस अजून बोट फिरवत होता,
न ऐकू येणाऱ्या राज्यांवरून.

खिडकीखाली दोघं जण
दिव्याच्या खांबावरची पोस्टरं उतरवत होते.
वरचा कात्रीनं दोरे कापत होता,
खालचा तेच चेहरे नीट थप्पी लावून गाडीत भरत होता.
शिडीसुद्धा घेतली त्यांनी.
उद्या पलीकडच्या राज्यात लागेल म्हणाले,
खांब तिथले जरा उंच आहेत.