आवाज ठीक आहे

दत्त नगरातल्या चाळीस मागांचा मी जॉबर.
दारात चप्पल काढता काढता सांगतो,
अकरा नंबरची पिकिंग काठी सैल झालीय,
पलीकडचा धोटा अर्ध्या बोटानं उशिरा पोचतोय.
मालक म्हणतात, ह्याचे कान तेवढे विकत घ्यावेत.

त्या दिवशी सोनोग्राफीच्या बाईंनी आवाज मोठा केला.
दुडदुड दुडदुड, दीडशेच्या आसपासची चाल.
एक ठोका चुकत नव्हता.
मी वनजाकडे बघून मान हलवली : मस्त चाललाय.

भिंतीवर पाटी,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
ते विचारायला आलोच नव्हतो.
बाईंनी आवाज बंद केला
आणि पडद्यावर बोट ठेवून दुसरंच सांगितलं :
इथे चार खोल्या लागतात. ही डावी खालची
वाढलेलीच नाही.

पण आवाज तर ठीक आहे, मी म्हणालो.
आत्ता ठीकच असणार, त्या म्हणाल्या,
आत्ता त्याचा श्वास तुमची बायको घेतेय.

कायदा काय म्हणतो, किती आठवडे उरलेत,
तेही सांगितलं. एकदाच, हळू.

आकडा मीच मागितला.
शंभर चादरींत किती सेकंड निघतात
मला तोंडपाठ आहे, मंगळवार बाजारात काय भाव येतो तोही.
त्यांनी आकडा दिला.
घरी आईला तो सांगितला नाही.
पत्र्याखाली बसून दिवसभर
शंभरातली जगलेली उजवीकडे, राहिलेली डावीकडे
लावत बसलो
आणि आपलं कुठे ठेवायचं तिथे हात थांबायचा.

आई तेलुगूत हृदयाला गुंडे म्हणते.
लहानपणी मराठी शाळेत ह्यावर पोरं किती हसली होती.
त्या रात्री ती विड्यांचं सूप पुढ्यात घेऊन
काहीच न वळता बसली. गुंडे, गुंडे, एवढंच.
वनजा पानं कापायची कात्री हातात धरून आठवत होती,
ग्रहणात ही चालली होती का.
मी कात्री काढून माळ्यावर ठेवली.
तिनं दुसऱ्या दिवशी उतरवली. विड्या द्यायच्या होत्या.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला, तीन वेळा.
तिसऱ्या खेपेला, कुर्डुवाडी मागे पडल्यावर,
खिडकीकडे तोंड करून वनजा म्हणाली,
ह्याला मी ओळखते आता.
पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

जानेवारीत मुलगी झाली.
इथे गड्डा भरला होता, अक्षता पडत होत्या,
म्हणून आईनं फोनवरूनच नाव ठेवलं अक्षता.
सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणतात.
आमच्याकडे सहाव्या दिवशी सर्जन आले
आणि त्यांनी छातीवर लिहिलं, गळ्याखालून सरळ रेघ.

शेजारी बार्शीचा मुलगा होता.
आजाराचं नाव तेच, टेबल तेच, डॉक्टर तेच.
सकाळी आया त्याची खाट पुसत होती,
कोपरे सुद्धा, नीट.
त्याचा बाप मला म्हणाला, तुमचं बरं होऊ दे हं.
आणि मला त्याच्याकडे बघता आलं नाही.

दोन ऑपरेशनं झाली. तिसरं राहिलंय.
चौदा महिन्यांची आहे, रडली की ओठ जांभळट होतात,
म्हणून गल्लीत कुणी तिला रडू देत नाही,
त्यामुळे ती फार लाडावलीय.

शुक्रवारी वीज जाते.
सगळी गल्ली एकदम गप्प, माग मधेच थांबलेले,
धोटे ज्या घरात असतील तिथेच.
तेवढ्यात मी घरी येऊन
झोपलेल्या पोरीच्या छातीवर कान ठेवतो.

ठोक्यामागे एक सूंऽ सूंऽ आहे.
काहीतरी घासतंय, काहीतरी आडवाटेनं जातंय.
कारखान्यात असा आवाज आला असता
तर पट्टा पाडून आधी माग बंद केला असता.

चाळीस माग अजून थांबलेले.
चालू दे, मी म्हणतो. असाच चालू दे.