भारनियमन

सातपूरच्या सबस्टेशनात मी यंत्रचालक.
तासातासाला रीडिंग घेते:
कुठल्या फीडरवर किती अँपिअर,
ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलं.
सोळा वर्षांत एक रकाना कोरा सोडला नाही.
स्वतःचं रीडिंग घ्यायला मात्र
कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वैशाखात रात्रपाळी संपवून निघाले,
त्र्यंबक रोडला स्कूटी थांबवली
आणि घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना.
पाचेक मिनिटं.
मेथीच्या जुड्या घेऊन चाललेली एक बाई म्हणाली,
"ताई, चक्कर आली का?"
चक्कर नव्हती.
आत कुठेतरी ब्रेकर पडला होता.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.
दगूनाना आहेर, आमचे जुने ऑपरेटर,
आता आडगावला द्राक्षबाग बघतात,
चहात बिस्किट बुडवत म्हणाले,
"वैजू, ब्रीदरमधली सिलिका बघतेस ना?
निळी आहे तोवर ठीक.
दमट होऊन गुलाबी झाली, की काय करतेस?"
म्हटलं, काढते, भाजते, कोरडी करून परत भरते.
"मग?" म्हणाले
आणि दुसरं बिस्किट घेतलं.

त्या रात्री एका रद्द लॉगशीटच्या पाठीवर
मी माझे फीडर लिहिले.
पाणीपुरवठा आणि दवाखाना, हे दोन कधीच बंद करायचे नाहीत:
झोप,
आणि ईशानीशी बोलणं.
(ईशानीचं गणित नव्हे. गणिताला तिचा बाप आहे.)
मग बाकीचे.
सोसायटीचा ग्रुप, पार्किंगवरून रोजचं महाभारत.
जाऊबाईंचा पाऊण तासाचा फोन,
ज्यात मी फक्त "हो ना" म्हणते.
दर रविवारी पाहुण्यांना मिसळ,
कारण माझ्या हातचा कट म्हणे कुठे मिळत नाही.
कुणी न सांगितलेली इस्त्री.
आणि एक जुनाच, बिनमीटरचा आकडा:
लोक काय म्हणतील.
सगळ्यात जास्त भार त्याच्यावर निघाला.

वेळापत्रक केलं, फ्रिजवर चिकटवलं.
नवरा म्हणाला, "आपल्याकडे लाइट जाणार आहे?"
"लाइट नाही," म्हटलं, "मी."

पहिल्या आठवड्यात बोंब झाली.
फीडर बंद केला की फोन येतातच.
"काम चालू आहे, दोन तास लागतील."
नोकरीत हे वाक्य मी हजारदा बोलले असेन.
घरात बोलताना जीभ जड झाली.

चुकलंही.
मंदाकिनीचा फोन मी रांगेत टाकला,
शनिवारी निवांत बोलू म्हणून.
शनिवारी कळलं, गुरुवारी तिचे वडील गेले.
ती मला काही म्हणाली नाही.
मी लाल पेनाने लिहिलं:
चुकीचा फीडर. दोष ऑपरेटरचा.
आणि तिचं नाव वर नेलं, दवाखान्याशेजारी.

आणखी एक काम असतं,
नियमात असतं, करत कुणी नाही:
उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणं.
माती वाळली की विजेला जमिनीत शिरायला वाट उरत नाही,
मग ती माणसातून वाट काढते.

म्हणून बुधवारी, सुट्टीच्या दिवशी,
मी सोमेश्वरला गोदेच्या पात्राशी उतरते.
धरणातून आवर्तन सुटलं असेल तर पोटरीपर्यंत पाणी,
नसेल तर नुसता ओला खडक.
मोबाइल डिकीत. चपला हातात.
जप नाही, नवस नाही.
पाय टेकवून बसते
आणि काहीतरी खाली उतरत जातं,
त्याचं मोजमाप कुठल्याच मीटरवर येत नाही.

ईशानी विचारते, "आई, आज किती अँपिअर?"
खरं सांगते तिला.
सिलिका अजून गुलाबीच आहे,
कडेकडेने निळी होतेय.

आज सकाळी फोन वाजला. जाऊबाई.
वाजून वाजून थांबला.
मी पोहे खात होते,
बसून,
गरम असताना.