रिवाइंडिंग

पारोळ्यात धुळे रोडला माझं दुकान,
पाच एचपीच्या मोटारीपासून घरच्या मिक्सरपर्यंत
जळालेलं काहीही आणा.
मी आधी वास घेतो, मग भाव सांगतो.

गेले पंधरा दिवस गिऱ्हाईक बोलतं
आणि मला ऐकू येते नुसती शाळा.
उन्नतीला सहावं लागलं.
ज्योत्स्नाला हवी पिवळी बस:
गल्लीच्या तोंडाशी येते, दोनदा हॉर्न देते,
टाय लावलेली चार पोरं गिळते नि जाते.
बत्तीस हजार, बूट वेगळे.
मला दिसते नाक्यापलीकडची जिल्हा परिषदेची,
गणित नि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठी,
फी नाही, दुपारी खिचडी,
आणि भिंतीवर ए फॉर ॲपल,
ज्याचा रंग जरा वांग्याकडे झुकलेला.

रात्री स्वीडनहून नूतनचा फोन.
आपले दहा, तिच्या खिडकीत अजून ऊन.
तिचंही हेच चाललंय.
एक शाळा आहे म्हणे, अर्धी इंग्रजी, अर्धी स्वीडिश,
पैसा सरकार भरतं,
पण रांग एवढी की बारशाआधीच नाव टाकायला हवं होतं.
"दादा, वेदांगला कुठली भाषा कमी पडेल, सांग ना."
मी तांब्याची तार मोजणारा माणूस.
म्हटलं, एकोणीस गेज की बावीस, ते विचार.
ती हसली. मग हसायची थांबली.
"फॉर्मवर एक रकाना होता, घरी काय बोलता.
मी मराठी लिहिलं
आणि नेमका तेव्हाच हा आतून ओरडला,
माय, माले पानी दे."

परवा शाळेची पाण्याची मोटार पोचवायची होतीच.
पोचवली, आणि तिसरीच्या खिडकीशी उगाच रेंगाळलो.
बोरसे मॅडम फळ्यावर भाकर कापत होत्या.
धिस इज हाफ. धिस इज वन फोर्थ.
मागच्या बाकावर एकाचे डोळे फळ्यावर, मन शिवारात.
मॅडम त्याच्याजवळ गेल्या, आवाज उतरवला,
"अर्दी भाकर तू खादी, अर्दी बहीणले दिधी.
आते तुन्हाजोडे कितली ऱ्हायनी?"
"काहीच नही," पोरगं म्हणालं,
"पन मी तिले अर्दी देवाव नही."
वर्ग फुटला. मॅडमही.
ही भाषा वेळापत्रकात नव्हती.
तपासणीला साहेब आले की
बाकाखाली लपून बसत असणार.

ट्रान्सफॉर्मरच्या एका कोअरवर दोन कॉइल असतात.
मध्ये कागद. एकमेकींना शिवत नाहीत,
शिवल्या तर धूर.
तरी इकडचा करंट तिकडे उमटतो.
कसा, ते आयटीआयमध्ये कळलं नाही
नि बावीस वर्षं गुंडाळूनही नीट कळलेलं नाही.
कोअर काढला तर हातात नुसती तार, एवढं कळतं.

ज्योत्स्नाला हे सांगितलं.
"पोरगी आहे ती, मोटार नाही.
उद्या जळगावच्या कॉलेजात अडली
तर तुमचा कोअर बोलणारे का तिच्या वतीनं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ती स्वतः बारावीला इंग्रजीत अडकली होती,
दोन मार्कांनी.

फॉर्म तरी आणला.
काल रात्री भरायला बसलो.
मातृभाषेचा रकाना बोटभर.
मी 'म' काढला, थांबलो.
कोपराखालून उन्नती बघत होती.
"पप्पा, आपन बोलतस ते लिखता येस का?"

'म' अजून तसाच आहे.
सकाळी पिवळी बस आली, दोनदा हॉर्न.
ज्योत्स्ना आज दारात गेली नाही.
पण तव्यावरची पोळी करपली.
वास मलाही आला.
काही बोललो नाही.