बंदीतले लंगोट

जून-जुलै होडी वर ओढलेली,
ताडपत्रीखाली.
मी घरी. म्हणजे मोरीत.

बावीस लंगोट.
सात सुगंधाच्या जुन्या साडीचे,
बाकी माझ्या लुंग्यांचे,
निळ्या चौकड्या अजून ओळखू येतात.
एकावर ऑइलचा डाग.
तो आधीचा आहे, हे मला रोज सांगावं लागतं.

पहिल्याच दिवशी मी गाठ मारली
जाळ्याची, सवयीनं.
सुगंधाला सुटेना.
पोर भिजलेलं, ती भडकलेली:
"पोर हाय का सुरमई?"
शेवटी कात्री लावली.
एकवीस.

नाट्यात या दिवसांत
डब्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं.
पडवीत बोंबलांची दोरी रिकामी आहे,
पण हिरूकाकी कुंपणापलीकडून ओरडते,
वास लागंल रे पोराला!
मग शेगडी, निखारे, वर उपडी टोपली,
टोपलीवर लंगोट,
आणि मी बसलेला, उलटत, चाचपत,
भाकरी करपू नये तसा.
धुराचा वास बसतोच.
आमचं पोर आता त्याच वासाला झोपतं.

राजापूरच्या लग्नाला एक पाकीट आणलं होतं विकतचं.
परत आलो तर मांड्या लालभडक.
उरलेले चार फळीवर पडून आहेत,
पाहुण्यांसाठी ठेवल्यासारखे.

ऑगस्टात बंदी उठली.
तिसऱ्या रात्री इंजिन पुसायला
चिंध्यांची पिशवी उघडली.
वरच निळ्या चौकड्या,
कात्रीनं कापलेल्या,
आणि टोकाला माझी गाठ,
तशीच आवळलेली.

हात पँटला पुसले.