अंगावर काढलेलं

मलम मागायला आलास, नियाज,
तर आधी बस. इथे, माझ्या खाटेवर.
डबी मिळेल, पण फुकट नाही.
कधीपासून? शनिवारपासून,
व्हॉल्व्ह उचलताना, वाकून.
बरं.
म्हणजे नुसती आखडलेली कंबर.
सित्राच्या या शेडमध्ये ती कुणाला नाही?

माझीही पहिल्यांदा तशीच होती.
शुक्रवार झोपून काढला, शनिवार चालून काढला,
आणि मग काढतच राहिलो, अंगावर.
आपल्याकडे शब्दच तसा आहे बघ,
दुखणं अंगावर काढायचं,
जसा काही तो बॉयलर सूट,
ड्युटी संपली की उतरवून खिळ्याला टांगता येईल.

अकरा महिने.
आधी ती कळ कंबरेतच असायची, गप भाडेकरूसारखी.
मग खाली निघाली. ढुंगणातून मांडीत, मांडीतून पोटरीत,
टाचेपर्यंत एक तापलेली तार.
फोनवर मंदाकिनी विचारायची,
"आवाज असा का? आडवे आहात का?"
मी म्हणायचो, वारा सुटलाय गं.
खोलीत ए.सी. चालू, खिडक्या बंद,
कसला वारा.

मग चप्पल.
एका रात्री बाथरूममधून खोलीत आलो
आणि बघतो तर डावा पाय अनवाणी.
अन्वरवर ओरडलो, लपवलीस कुठे म्हणून.
तो बिचारा खुबूस खात होता.
चप्पल कॉरिडॉरमध्ये, वॉटर कूलरपाशी,
वीस पावलं मागे,
उपडी.
पायाने मला सांगितलंच नव्हतं.

त्याच रात्री जायला हवं होतं.
मी काय केलं?
मागून पट्टा असलेली नवी चप्पल घेतली.
आणि कळ जरा कमी झाली तेव्हा तर खूश झालो.
कमी कसली, मुकी झाली होती.

तीन आठवड्यांनी बाथरूममध्ये उभा राहिलो
तो उभाच राहिलो.
पोट तट्ट, आणि लघवी येईना.
आणि घोड्यावर बसलं की खोगीर जिथे टेकतं ना,
ती सगळी जागा दुसऱ्या कुणाची वाटत होती,
दात काढून आल्यावर ओठ वाटतो तशी.
लाज वाटते सांगायला. पण सांगतो.
त्या लाजेनेच माझे आणखी दहा तास खाल्ले.

सकाळी अन्वरने टॅक्सी आणली.
डॉक्टरीणबाई केरळच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.
फाईल खाली ठेवून म्हणाल्या, "काल रात्री का नाही आलात?"
मी म्हटलं, ओव्हरटाइम होता.
त्या काही बोलल्या नाहीत.
घड्याळाकडे बघितलं, आणि फोन उचलला.
संध्याकाळच्या आत पाठ उघडलेली होती.

लघवी परत आली. पाय अर्धाच आला.
म्हणून मी स्टोअरमध्ये,
म्हणून तुला गॅस्केट माझ्या हातून मिळतात.

तर सांग.
ताप येतो? नाही.
झोपेतून उठवते? नाही.
पायाला मुंग्या, बधिरपणा?
बाथरूममध्ये सगळं ठीक?
हसू नकोस, सांग.
ठीक.
आता उठ. टाचांवर चालून दाखव, दारापर्यंत.

हात पसरलेस, वर्षाच्या पोरासारखे.
दहाही बोटं वर.
अन्वर हसतोय, हसू दे.
परत ये. अजून एकदा जा.
मला बघायचंय.

घे. बोटभर लाव, आणि झाकण नीट बसव.
पडून राहू नकोस, थोडं थोडं चाल.
दोन-तीन आठवड्यांत नाही गेलं तर
सीपीआर कार्ड खिशात टाक, मी येतो बरोबर.
आणि चप्पल सुटली,
किंवा बाथरूममध्ये नुसता उभा राहिलास,
तर सकाळ होऊ देऊ नकोस.
दोन वाजले असतील, तीन वाजले असतील,
माझी खाट हलव.
मी खालीच झोपतो.
वर चढता येत नाही मला.