आधी साबण

पाण्यात उतरण्याआधी उघड्यानं अंघोळ.
आकुरेरीच्या तलावावर हा नियम चित्रासकट टांगलाय.
चित्रातल्या बिनचेहऱ्याच्या बाईवर लाल डाग:
डोकं, काखा, जांघा, पावलं.
या गावच्या भिंतींवर मी हात न लावलेली
बहुधा ती एकटीच.

बाकीच्या माझ्याकडून जातात.
लोकरीचे स्वेटर, दह्याचे डबे, चष्म्यांची दुकानं,
अकरा वर्षं त्यांच्या बायका मी नीट करते.
कोपराला वय असतं, ते काढायचं.
गुडघा हसल्यासारखा दिसतो, त्याला गप्प करायचं.
कंबर दोन बोटं आत घेतली
की मागची खिडकी वाकते,
मग खिडकी सरळ करत बसायचं.
खरं सांगते, खिडकीलाच जास्त वेळ लागतो.
तीळ म्हणजे काहीच नाही.
शेजारची कातडी उचलायची, वर ठेवायची.
चार सेकंद.

गुरुवारी मी पोहायला येते.
शॉवरखाली ओळीनं आम्ही.
मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली होल्मफ्रिदुर
उरलेल्या एका स्तनाला साबण लावत
बटाट्यांच्या भावाबद्दल बोलते.
तिच्या सुनेच्या पोटावर आडवी शिवण.
माझा अंगठा आपोआप हलतो.
इथे थोडा उजेड. हे इथून उचल.
मी मूठ मिटते, शाम्पू मागते.

त्या गुरुवारी कोपऱ्यात एक मुलगी, टॉवेल घट्ट धरून.
सोळाची असेल.
गळ्याच्या हाडाखाली, डावीकडे,
अंगाच्या रंगाची गोल पट्टी.
चेहरा मी ओळखला नसता, चेहरा मीच बदलला होता.
जागा ओळखली.
बाहेर बसथांब्यावर दोन महिने ती उभी होती,
माणसाहून उंच, रुंद गळ्याच्या स्वेटरमध्ये,
आणि डावीकडे, तिथे, काहीच नाही.

"आधी साबण," देखरेखीवरची स्टेइनुन म्हणाली.
ती सगळ्यांना हेच म्हणते,
जर्मन पर्यटकांना जरा मोठ्यानं.
"टॉवेल खुंटीला. आणि ती पट्टी?
जखम असेल तर पाण्यात नाही जायचं."
"जखम नाही."
"मग काय आहे?"

पाणी नुसतं वाहत राहिलं.
होल्मफ्रिदुरसुद्धा बटाट्यांवर थांबली.
मला सांगता आलं असतं.
मी केसांना दुसऱ्यांदा शाम्पू लावला.

"काही नाही," मुलगी म्हणाली, आणि सोलून काढली.
पट्टी वाहत जाऊन जाळीला अडकली.
तिळाएवढा तीळ.
भोवतीचं लाल तेवढं पट्टीचं.

बाहेर उणे नऊ. गरम कुंडात
वाफेवर डोकी मांडून ठेवल्यासारखी.
ती समोर येऊन बसली, किती वाजले म्हणाली.
भिंतीवरचं घड्याळ तिच्या मागे होतं.
सांगायला मी मान वर केली,
आणि नजर, सवयीची गुलाम, आधी तिथेच गेली.
तिचा हात पाण्यातून वर आला
आणि झाकून बसला.

"साडेसहा," मी म्हणाले.

मग मनातल्या मनात मोजू लागले.
चार झाले.
दहा झाले.
कुणीतरी नळ सोडला, पाणी अजून गरम झालं,
होल्मफ्रिदुर आली, बटाटे पुन्हा सुरू झाले.
हात तिथेच.
मी माझी बोटं पाण्याखाली नेली
आणि मोजणं सोडून दिलं.